न मागता उतरलेला भाव

जुनी गाडी घ्यायची म्हणून नवरा-बायको माझ्याकडं आले, की मी आधी त्या दोघांनाच पाहून घेतो. गाडी नवऱ्याला पाहिजे, बायकोला पाहिजे, की दोघांनाही नको अन् साळ्यानं डोक्यात भरवून दिली, हे पाच मिनिटांत कळतं. मग गाडी पाहतो. मग गाडीवाल्याला पाहतो. कोणावरच भरोसा ठेवायचा नाही, हा माझा धंदा आहे. घरी बायको म्हणते, "भाजीत मीठ हाये का नाई, हेबी तुमी मले विचारता, अन् मंग चाखून पायता." खरं आहे. पण अळणी भाजीत वरून मीठ टाकता येतं, फसलेल्या गाडीचं काही करता येत नाही.

मी वसंता मिस्त्री. अमरावतीत राहतो, पण काम शिकलो अकोल्याला, करीम उस्तादांच्या हाताखाली. डेंटिंगचं काम. म्हणजे ठोकलेल्या गाडीचा पत्रा आतून हातोडीनं सरळ करायचा, जिथं सरळ होत नाही तिथं पुट्टी भरायची, घासायची, वरून रंग मारायचा, की गिऱ्हाईक म्हणालं पाहिजे, "बाप्पा! इथं लागलं होतं?" पस्तीस वर्षं हेच केलं. मग खांदा गेला, हातोडी सुटली, अन् लोक मला गाडी पाहायला न्यायला लागले. दिवसाचे ठरलेले पैसे घेतो, घेणाऱ्याकडून. विकणाऱ्याकडून सुपारीचं खांडही घेत नाही.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो, नाहीतर पुढचं सांगण्यात मजा नाही. गाड्यांचे दलाल माझ्याकडं ठोकलेल्या गाड्या आणायचे, अन् मी त्या अशा करून द्यायचो की कोणाच्या बापाला कळू नये. एकदा तर दोन गाड्यांची दोन अर्धी धडं जोडून एक गाडी उभी केली. तेव्हा वाटायचं, काय हात आहे आपला! ती गाडी कोणी घेतली, तिच्यात कोण बसलं, हे विचारायची गरज वाटली नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात ना, तसं आहे माझं. लोक मला नेतात ते मी सज्जन आहे म्हणून नाही.

लोकांना वाटतं गाडी पाहणं म्हणजे इंजिनाला कान लावणं. इंजिन तर कोणीही ऐकेल. मी आधी दाराच्या कडेची रबराची पट्टी बोटानं उपटतो. तिच्या खाली कंपनीनं जोडकाम केलेले गोल टिकले असतात, सारख्या अंतरावर, ज्वारीच्या ओळीवानी. ते टिकले हलले, गायब झाले, म्हणजे तिथं कोणीतरी माझ्यासारखा बसून गेला आहे. मग जुन्या स्पीकरचं चुंबक काढतो. पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरतं. मग सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढतो. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुवा, पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात गाळाची रेघ राहतेच, कारण तितका पट्टा कोणी कधी ओढत नाही. मीटर मागं फिरवता येतं, पण ब्रेकच्या पायाखालचं रबर झिजलेलं असतं, ते कोणी बदलत नाही. करीम उस्ताद म्हणायचे, "पत्रा झूठ नहीं बोलता, वसंता. आदमी बोलता है."

गिऱ्हाइकंही एकेक नमुने असतात. एक साहेब गाडीची कुंडली पाहायला सोबत महाराज घेऊन आले होते. महाराजांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या अन् म्हणाले, हिचा मागचा डावा टायर बदला. टायर खरंच गेलेला होता, तो तर मलाही दिसत होता! एका बाईनं मात्र मलाच शिकवलं. सगळं पाहून झाल्यावर तिनं गाडीवाल्याला एकच विचारलं, "भाऊ, हे इकून तुमी आता कोणती घेऊन रायले?" तो म्हणाला, याच कंपनीची, नवी. "मंग घेतली आमी," बाई म्हणाली. तेव्हापासून तो प्रश्न माझा झाला.

अन् माझा एक नियम आहे. विकणाऱ्याच्या घरी मी चहा घेत नाही. पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं पितो. हा नियम मला दर्यापूरकडच्या एका मास्तरांमुळं लागला. त्यांच्यासाठी गाडी पाहायला गेलो, विकणारा भलता गोड माणूस. बसा म्हणाला, गरम भजे आले, चहा आला, माझ्या गावचा कोणीतरी त्याच्या ओळखीचा निघाला. गप्पांत तासभर गेला, अन् मी गाडी वरवर पाहिली. पट्टा ओढायचा राहिला. पाऊस सुरू झाला तशी ती गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. गालिचा काढला तर खाली वाळलेला गाळ. मास्तर मला एका शब्दानं बोलले नाहीत. बाजारात भेटले की "कसे आहात मिस्त्री" म्हणायचे अन् दुसरीकडं पाहायचे. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हा ठरवलं, ज्याची गाडी त्याचा चहा नाही. चहा प्यायला की माणसाची लाज वाटायला लागते, अन् लाज वाटली की बोट रबराखाली जात नाही.

आता तिवश्याच्या जोडप्याची गोष्ट.

प्रमोद तिवश्याला बी-बियाण्याच्या दुकानात कामाला. त्याची बायको रेखा घरी शिलाई करते. उन्हाळा लागायच्या आधी दोघं माझ्याकडं आले. छोटी गाडी पाहिजे, जुनी चालेल, बजेट एवढं एवढं. कशासाठी पाहिजे, विचारलं. नवरा म्हणाला, "असंच, फिराले." बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. मी मनात नोंद केली, हे काहीतरी लपवून राहिले.

लपवत होतेच. काय लपवत होते ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आताच सांगतो. त्यांची मुलगी श्रावणी, बारा वर्षांची. जन्मापासून तिच्या कमरेत अन् पायांत जोर नाही. डोक्यानं चलाख, पण उभं राहता येत नाही. आठवड्यातून तीन दिवस तिला व्यायामासाठी अमरावतीला आणावं लागतं. लहान होती तोवर एसटीत मांडीवर यायची. आता वजन झालं, एसटीच्या पायऱ्या चढवून नेणं होत नाही. म्हणून प्रमोदच्या दुचाकीवर मधात बसवायचे, मागून रेखा धरायची, अन् ओढणीनं पोरीला बापाच्या पाठीशी बांधायचे. नागपूर रोडवरून, ट्रकांच्या बाजूनं. पोरगी वाढत होती अन् ओढणी पुरत नव्हती. म्हणून गाडी पाहिजे होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही, कारण रेखाचं म्हणणं, गरज दिसली की भाव चढतो. अन् मिस्त्री लोकांचा तर तिला मुळीच भरोसा नव्हता.

पहिली गाडी मी त्यांना अमरावतीतच दाखवली, ओळखीच्या एका दलालाकडं. मी आधीच दोन वेळा तपासली होती. एकाच मालकाच्या हातची, पत्रा कोरा, मीटर खरं. अशी गाडी वर्षात एखादी भेटते. प्रमोद खूश. रेखानं काय केलं? इंजिन पाहिलं नाही, ॲव्हरेज विचारलं नाही, रंगाबद्दल बोलली नाही. गळ्यातला शिलाईचा टेप काढला अन् मागचं डावं दार उघडून चौकट मोजली. उंची मोजली, रुंदी मोजली. जमिनीपासून सीट किती उंच, ते मोजलं. आत बसली, उतरली. पुन्हा बसली, पाय न हलवता, नुसतं अंग सरकवून. मग टेप गळ्यात टाकला अन् म्हणाली, "नाई पटली."

"ताई, काय नाही पटलं?" मी विचारलं.

"नाई पटली, बस."

तेवढ्यात दलाल आला, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मिस्त्रीनं पास केली म्हणजे डोळे मिटून घ्या वहिनी." तो सगळ्यांच्याच खांद्यावर हात टाकतो. पण रेखानं तो हात पाहिला, अन् मग माझ्याकडं पाहिलं.

मी मात्र वेगळाच हिशेब लावत बसलो. ही बाई दारं मोजते म्हणजे काय? सीट कव्हरवाल्याची माणसं तर नाहीत? की दुसऱ्या कोण्या दलालानं माझ्या युक्त्या शिकायला पाठवलेली? त्या दिवसापासून रबर उपटताना मी तिच्याकडं पाठ करून उपटायला लागलो. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

मग मोबाईलवर प्रमोदला एक जाहिरात दिसली. तेल्हाऱ्याची गाडी. उंच टपाची, छोटी, दारं मोठी. रेखानं फोटो पाहिला अन् म्हणाली, "हे पाहू." तिघं एसटीनं अकोला, तिथून अकोटवरून तेल्हारा. ऊन असं की खिडकीची दांडी हाताला भाजे.

गाडीवाले बाबाराव म्हणून सत्तरीचे गृहस्थ, चांगले बारा एकराचे धनी, धोतर-टोपी, आवाज असा की शेजारचं वावर ऐकेल. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून गाडी काढत होते. बायको, मैनाबाई, दारातच उभी. "या व माय, उन्हाचे आले, च्या घ्या आधी."

"मी घेत नाही," मी म्हणालो. "गाडी पाहतो."

प्रमोद माझ्यासोबत थांबला. रेखानं आधी टेप काढला, डावं दार मोजलं, सीट मोजली, बसली, अंग सरकवून उतरली. अन् पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. मग ती मैनाबाईसोबत आत गेली.

मी कामाला लागलो. बोनेटवर हात फिरवला, हात अडखळला. रंग दुसरा! चुंबक लावलं, चिकटलं, म्हणजे पुट्टी जाड नाही, पण रंग कंपनीचा नाही. डिकीचं झाकण, तिथंही तेच. पुढच्या दोन्ही दारांवर, हँडलच्या आजूबाजूला, तेच. मी बाबारावांना विचारलं, "काकाजी, गाडी ठोकली होती?"

"नाई."

"मग रंग काहून मारला?"

"अरे, लग्नाइनं मारला!" म्हातारा खाटेवर बसला अन् सांगायला लागला. "गावात गाडी एकच होती ना राजा. कोनाचंबी लगन निंघालं, का बाबारावची गाडी. नवरदेव इच्यातच. पोट्टे फुलं लावत, कागदं लावत, अन् त्या खोक्याच्या पट्ट्या चिपकवत. दोन-दोन दिवस उन्हात राहे. मंग पट्टी निंघे ना. कोनी बिलेटनं खरवडे, कोनी थिनर लावे. रंगाचं वाटोळं झालं. पोरगं म्हने, बाबा, इकाची आहे तं रंग मारून घेऊ. मारला."

मी म्हणालो, "बरं."

खरं सांगतो, मला मनातून हसू आलं. ठोकलेल्या गाडीच्या मी किती कहाण्या ऐकल्या! म्हशीनं शिंग मारलं, नारळ पडला, पाहुण्याच्या पोरानं दगडानं चित्र काढलं. एकानं तर माकडाचं नाव सांगितलं होतं. पण लग्नाच्या चिकटपट्टीनं गाडीचा रंग गेला, हे नवीन होतं. पट्टीनं डाग पडतो, रंग कसा जाईल?

रबर उपटलं. टिकले जागेवर. खाली घुसलो, लोखंडी पट्ट्या सरळ. हेडलाइटच्या मागचे पत्रे कोरे. पट्टा ओढला, स्वच्छ. म्हणजे सगळं बरोबर होतं. बरोबर होतं, अन् मी काय विचार केला? इतकं सफाईनं केलं आहे, म्हणजे काम मोठं असणार. तीस-पस्तीस वर्षं खोटं लपवलं की माणसाला खरं दिसलं तरी वाटतं, हे कोणीतरी फार छान लपवलं आहे.

गाडीखालून निघून हात पुसत होतो, तर घरातून तिघं बाहेर आले. बाबाराव मधात कधी आत गेले होते, मला कळलं नाही. रेखाचे डोळे लाल, मैनाबाईचेही. म्हातारा सरळ प्रमोदपुढं जाऊन उभा राहिला.

"दादा, मी बोललो होतो, त्याच्यातून पंचवीस हजार कमी द्या. अन् आजच घेऊन जा."

माझे कान उभे राहिले. कोणी भाव केला नव्हता. तोंडातून शब्द काढला नव्हता.

"काहून काकाजी?" मी विचारलं. "कमी कोणी मागितलं?"

"मायी गाडी, माया भाव. तुले काय तरास होऊन रायला?"

झालं. उरलासुरला संशय पक्का झाला. तुम्हीच सांगा, न मागता भाव उतरवणारा माणूस कधी पाहिला? माझ्या धंद्यात त्याचा एकच अर्थ. मिस्त्रीला काहीतरी सापडलं आहे, त्याच्या आधी माल गळ्यात बांधा. मी प्रमोदला बाजूला घेतलं अन् म्हणालो, "हे गाडी घ्यायची नाही. ठोकलेली आहे. कुठं ते मला सापडलं नाही, पण आहे."

रेखा मागून आलीच, अन् मला म्हणाली, "काकाजी, मले पटली गाडी."

"ताई, तुम्हाला फोटो-बिटो दाखवले असतील, गोड बोलले असतील..."

"हो, दाखवले फोटो. लग्नाचे. पंधरा-वीस लग्नं हायेत, सगळ्याइत हेच गाडी."

"फोटोत गाडी दिसते, ठोकलेली दिसत नाही. तुम्हाला घ्यायची तर घ्या, मी जबाबदारी घेत नाही."

प्रमोद घाबरला. त्याच्या सगळ्या वर्षांची बचत होती ती, अन् मी मिस्त्री, म्हणजे डॉक्टरच. तो बायकोला म्हणाला, "काकाजी म्हनतात तं राहू दे." ती माझ्याकडं पाहत राहिली. मग सरळ जाऊन एसटीच्या थांब्यावर उभी राहिली. मैनाबाई फाटकापर्यंत आली होती, तिला मी नमस्कारही केला नाही.

परतीच्या गाडीत मी प्रमोदला समजावत होतो, त्या अमरावतीच्या गाडीचा विचार करा, तशी गाडी भेटत नाही. रेखा खिडकीतून तोंड आत न घेता म्हणाली, "हो, तुमी म्हनसानच तसं." मी ते ऐकून सोडून दिलं. माणसं रागात बोलतात. अन् खरं सांगू? मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. दोन गरीब माणसांना वाचवलं, म्हणून घरी बायकोजवळ फुशारकीही मारली.

त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

दीड महिन्यानं अकोल्याला भाच्याचं लग्न होतं. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. डांबर पायाला चिकटतं. नवरदेवासाठी भाच्याच्या मित्राची पांढरी गाडी आणली होती. पोरांनी बोनेटवर फुलांचं जाळं टाकलं, ते हलू नये म्हणून खोकी बांधायच्या रुंद तपकिरी पट्ट्या मारल्या. दाराच्या हँडलला गुच्छ, त्यालाही पट्टी. डिकीवर नवरा-नवरीच्या नावाचा कागद, चारी बाजूंनी पट्टी. गाडी दोन दिवस उघड्यावर उभी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर गाडीचा मालक रडकुंडीला आलेला. पट्टी निघत नव्हती, निघाली तिथं वरचा चकाकीचा थर सालपटासारखा सोबत येत होता. एक जण थिनरचा बोळा घासत होता, दुसरा पत्ती घेऊन खरवडत होता.

माझ्या तोंडात फेस तसाच राहिला. कारण मी नुकसान पाहत नव्हतो, जागा पाहत होतो. बोनेट. डिकी. पुढच्या दारांवर हँडलच्या आजूबाजूला. बस, तेवढंच. तेल्हाऱ्यालाही नेमकं तेवढंच होतं! अरे गाढवा, मी स्वतःला म्हणालो, बोनेट वरून ठोकलं, डिकी मागून ठोकली, अन् बंपर कोरा, लाइटमागचा पत्रा कोरा, असा अपघात कोण्या गावी होतो? पस्तीस वर्षं पत्रा ठोकला तू! पत्रा तर खरं सांगत होता. बाबारावही खरं सांगत होते. फक्त मीच शहाणा होतो.

तिथूनच तेल्हाऱ्याला फोन लावला.

"कोन?"

"वसंता मिस्त्री. तुमची गाडी पाहायला आलो होतो, तिवश्याच्या जोडप्यासोबत."

"गाडी गेली," तो म्हणाला.

"कोणाला?"

"त्याईलेच. पोट्टी पडली तवा त्या बाईचा फोन आला. मी म्हनलं, माय, गाडी तुयीच हाये, मी कोनाले देल्ली नाई."

"कोणती पोट्टी?"

"तुले नाई माईत?" अन् मग त्यांनी मला श्रावणीबद्दल सांगितलं, जे मी तुम्हाला आधीच सांगून टाकलं. रेखानं त्या दिवशी चहा घेताना मैनाबाईला सगळं सांगितलं होतं. म्हातारीनं बाबारावांना आत बोलावलं. ते बाहेर आले अन् भाव उतरवला. तेल्हाऱ्याहून आम्ही परतल्यावर तेराव्या दिवशी, अमरावतीहून येताना, गतिरोधकावर दुचाकी उडाली. ओढणीची गाठ सुटली अन् पोरगी कडेला फेकल्या गेली. मनगट मोडलं. ट्रक मागं होता, पण लांब होता.

मी मग म्हणालो, "काकाजी, मले तेव्हाच सांगितलं काहून नाही?"

"त्या बाईनं हात जोडले होते आमाले. म्हने, मिस्त्रीले सांगू नका, तो अमरावतीच्या दलालाइचा मानूस हाये." मग त्यांनीच विचारलं, "हायेस का?"

"नाही."

"मंग ठीक हाये," म्हातारा म्हणाला. एका शब्दात मानलं त्यानं. मला अजून त्याचं नवल वाटतं.

लग्नघरातून थेट तिवश्याला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. टिनाच्या शेडमध्ये गाडी उभी होती. मागचं डावं दार उघडं, अन् आत एक पोरगी बसलेली, दोन वेण्या, उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हातानं वहीत काहीतरी लिहून राहिली. रेखा मशीनवर होती. मला पाहिलं अन् मशीन थांबवली. या म्हणाली नाही.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. अकोल्याची पट्टी, थिनर, बोनेट, डिकी. "ताई, चूक माझी झाली. तुम्हाला पटली होती, मी मोडता घातला. पोरीचा हात माझ्यामुळं मोडला."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. गळ्यात टेप तसाच होता. मग म्हणाली, "हात धुवा. तिले उतरवाचं हाये. तिचे बाबा दुकानात हायेत, अन् माया एकटीच्यानं आता होत नाई."

मी हात धुतले. तिनं सांगितलं तसं केलं. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागं, मान माझ्या खांद्यावर, प्लास्टरचा हात वर. "आधी डोकं काहाडा, मंग पाय. उचलू नका, सरकवा." बारा वर्षांची पोरगी अंगात जोर नसला की किती जड होते, हे मला ठाऊक नव्हतं. माझा गेलेला खांदा कळवळला. तिचं डोकं चौकटीखालून निघालं, वर चार बोटं जागा राहिली. चारच बोटं. अमरावतीच्या त्या गाडीचं दार मला तोंडपाठ होतं, मी दोनदा तपासलं होतं. त्या दारातून ही पोरगी सुखानं निघाली नसती. कोरा पत्रा, खरं मीटर, एका हातची, अन् पोरीचं डोकं दर वेळी आपटलं असतं.

खाटेवर ठेवलं तशी श्रावणी म्हणाली, "आई, या काकाजीले तं दम लागला." अन् हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायला मी गाडीकडं तोंड केलं. गाडीकडं तोंड केलं की लोकांना वाटतं मिस्त्री काहीतरी तपासून राहिला.

निघताना रेखा शेडपर्यंत आली. आवाज बारीक केला, पोरीला ऐकू जाऊ नये असा.

"काकाजी, झालं गेलं. मी काई मनात ठेवत नाई. पन आता तरी एक खरं सांगा. त्या अमरावतीच्या गाडीत तुमाले किती भेटून रायले होते?"

"ताई, एक रुपया नाही." पोरीची शपथ म्हणायला तोंड उघडलं अन् मिटलं. शपथ घेणाऱ्या माणसावर मी स्वतः आजवर कधी भरोसा ठेवलेला नाही. "एक रुपया नाही," मी पुन्हा एकदा म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, वरून खालपर्यंत.

"तुमी म्हनता तं असन," ती म्हणाली, अन् मशीनवर जाऊन बसली.